आंदण न दिलेला ट्रक

कळंबोलीला आता ट्रकांचं गावच वसलं आहे. रांगाच्या रांगा उभ्या असतात, ड्रायव्हर सावलीला गोधड्या टाकून झोपलेले असतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं काहीएक वाटत नाही. मी तिथून गेलो की मला मात्र खाली उतरून एकेकाला सांगावंसं वाटतं, की बाबांनो, तुमची ही जागा नुसती भातशेती होती तेव्हा आमच्या खळ्यात ट्रक उभा होता. उभाच होता, चालत नव्हता, ही गोष्ट वेगळी. पण सांगत नाही. सांगितलं तर ते विचारतील, "मग पुढं चालला का?" आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

आमचं गाव पनवेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, खाडीच्या अंगाला. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मिठागर, हा आमचा पिढीजात धंदा. घरात पाटी-पेन्सिल हातात धरलेला मी पहिला, मॅट्रिक झालेला पहिला, आणि बी.ए. झालेला तर आसपासच्या गावांतही पहिला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. त्यात लाजायचं काय? लाजायचं ते ज्यांच्या तीन पिढ्या शिकल्या आणि तरी एक धड अर्ज लिहिता येत नाही, त्यांनी. मी कॉलेजात गेलो त्या दिवसापासूनच, निकालाची वाट न बघता, गावानं माझं नाव टाकून दिलं आणि मला 'बीए' म्हणायला सुरुवात केली. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे मी आजवर मोजलेलं नाही. मोजलं असतं तर त्रास झाला असता.

दुसरी लढाई संपली आणि लष्कराला आपल्या मोटारींचा अचानक कंटाळा आला. कल्याणच्या बाजूला मोकळ्या मैदानात त्या गंजत पडल्या होत्या, त्या लिलावात निघाल्या. बाबा तिकडे कुठल्याशा कामाला गेले होते ते ट्रक घेऊन आले. 'घेऊन आले' हा आमच्या घरात रूढ झालेला शब्द. खरी गोष्ट अशी, की बाबांनी आपली बैलजोडी विकून तो ट्रक घेतला, आणि मग तो घरी कसा न्यायचा हा प्रश्न पडल्यावर, ज्याला बैल विकले होते त्याच्याकडूनच ते चार दिवसांसाठी मागून आणले आणि ट्रक ओढत आणला. आमच्या बैलांनी आमच्या घरी केलेलं ते शेवटचं काम. दारात पोचल्यावर बैलांनी गोठ्याकडे मान वळवली. आईने बैलांना पेंढा घातला, ट्रककडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये काय खातं?"

बाबांचा बेत मोठा होता. आपल्या आगराचं मीठ व्यापाऱ्याच्या गाडीतून न पाठवता आपणच घाट चढून वर न्यायचं, आणि येताना कांदे-बटाटे भरून आणायचे. बेतात खोट काहीच नव्हती. फक्त ट्रकला हौदा नव्हता, मागच्या चाकांना टायर नव्हते, इंजिनात चिमणीचं घरटं होतं आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. या शेवटच्या गोष्टीवर गावाने सगळ्यात जास्त चर्चा केली. ट्रक चालणारच नव्हता, तरी त्याचा ड्रायव्हर कुठल्या बाजूला बसणार याची लोकांना चिंता.

दुरुस्तीसाठी बाबांनी पनवेलच्या बाजारातून एक उस्ताद गाठले. हे उस्ताद लढाईत लष्करी गाड्या चालवायला ब्रह्मदेशात होते, आणि मनाने अजून तिथेच होते. त्यांनी बॉनेट उघडलं की आधी बर्मा निघायचा, मग इंजिन.

"बर्म्यात काय हाल होते, मालूम आहे? आगे जपानी, पीछे जपानी, वरून मूसलधार. अशी गाडी मी नदीतून काढली. आणि तुमची ही खळ्यात चालू होत नाय म्हणता?"

"मंग करा की चालू," आई ओटीवरून म्हणायची.

"होणार भाभी, होणार. वेळ लागतो. ही काय शेगडी आहे?"

वेळ लागला. उस्ताद शुक्रवारची नमाज झाली की यायचे, कार्बोरेटर खोलायचे, साफ करायचे, पुन्हा बसवायचे. दर वेळी काही नट उरायचे. ते आई करवंटीत जमवून ठेवायची. बाबांनी एकदा विचारलं, "उस्ताद, ह्ये कुठले?" तर उस्ताद शांतपणे म्हणाले, "कंपनी जादाच देते. एहतियात, खबरदारी म्हणून."

सुट्टीला मी मुंबईहून आलो की माझ्याकडे एकच काम असे. ट्रकवर जिथे जिथे इंग्रजी लिहिलेलं होतं ते वाचायचं. बाबांचा असा ठाम समज होता, की बी.ए. शिकणाऱ्या माणसाला इंजिनातलं कळतं. मी इतिहास घेऊन बी.ए. होणार होतो. मोगलांच्या फौजा दख्खनेत का अडकल्या ते मी सांगू शकत होतो. आमचा ट्रक खळ्यात का अडकला ते सांगू शकत नव्हतो. डॅशबोर्डवर एक पितळी पट्टी होती. बाबांनी ती चिंच लावून घासली आणि मला पुढे बसवलं.

"काय लिवलंय?"

"डोंगर उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये."

"हितं डोंगर कुठं हाय? म्हंजे ते आपल्याला लागू नाय." पट्टीचा विषय संपला. घाट उतरून कांदे-बटाटे आणायचे होते, याची मी आठवण करून दिली नाही. मला जेवायचं होतं.

दोन सुग्या अशा गेल्या. खळ्यात ट्रक, म्हणून आमच्या भाताची झोडणी शेजाऱ्यांच्या खळ्यात. कोंबड्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर अंडी घालायला सुरुवात केली, आणि आईने बॉनेटवर बोंबील वाळत घातले. "लोखंड तापतं लवकर," ती म्हणायची. "कायतरी उपेग." बाबांनी ट्रकचा लष्करी हिरवा रंग घालवण्यासाठी मचव्याला लावायचा निळा रंग आणला. दारावर पांढरी चांदणी होती, तिच्यावर तीन हात दिले तरी ती निळ्यातून वर येतच राहिली.

हौद्याचं काम मामाने अंगावर घेतलं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, खाडीवर होड्या बांधायचा. त्याने जन्मात ट्रक बांधला नव्हता, पण ही अडचण आहे असं त्याला वाटलं नाही. "लाकूड त्येच, खिळा त्योच," असं म्हणून त्याने जुन्या मचव्याच्या फळ्या आणल्या आणि हौदा बांधला. फळीला फळी अशी भिडवली की मधून सुई जाणार नाही. जिथे जाईल अशी शंका आली तिथे कापूस ठोकला, वर राळ आणि तेल ओतलं. मागचा फाळकासुद्धा असा बसवला, की बंद केला की आवाज होण्याऐवजी श्वास सोडल्यासारखं व्हायचं.

मी म्हणालो, "मामा, हौद्याच्या तळाला फटी ठेवतात. ओलं मीठ भरलं तर पाणी जाणार कुठून?"

मामाने हातोडा खाली ठेवला. "मी बांधलेल्या लाकडात पानी जात नाय आनि येत नाय. तू कागदं वाच."

मग एक दिवस बायकांनी हौदा धुतला. घागरींवर घागरी ओतल्या, आणि ते पाणी जसंच्या तसं हौद्यात उभं राहिलं. बदकं येऊन पोहली. मी पुन्हा म्हणालो, की तळाला चार भोकं पाडा. मामा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याच्या लेकराचे कान टोचायला नाही, कापायला सांगत होतो. "होडीला भोकं पाडायला सांगतोय बीए! ह्येच शिकवतात काय कालेजात?" सगळी आळी हसली. शेवटी पाणी सुपांनी उपसून काढलं. माझं मत मी बदललं नाही. ट्रकच्या हौद्याला भोकं हवीतच. आजही म्हणतो.

याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा उरणकडच्या एका गावातला, घरचं मिठागर, शिवाय मुंबईला मीठ नेणारा स्वतःचा मचवा. मुलगा बोलायला मऊ. पण त्याचा काका, जो घरातला कर्ता आणि त्या मचव्याचा तांडेल होता, तो बोलायला लागला की समोरच्याने छत्री धरावी. सुपारी फोडायला ही मंडळी आमच्याकडे आली ती नेमकी खळ्यात बसली, ट्रकच्या सावलीला.

काका पान लावत म्हणाला, "व्याही, ह्यो हत्ती चालतो, का नुस्ता पुजंला ठिवलाय?"

आमचीच माणसं आधी हसली. बाबांच्या कपाळाची शीर उठली. गेली दोन वर्षं असं प्रत्येक पाहुणा काही ना काही बोलून जायचा आणि बाबा गिळून टाकायचे. पण आज समोर व्याही होता.

"चालतो का?" बाबा म्हणाले. "पोर ह्याच्यातच बसंल माज्या दारात, आनि उतरंल ती तुमच्या मांडवात. मधी कुठं तिचा पाय गाडीभायेर पडला, तर गाडी तुमची. आंदन दिली."

आमच्याकडे तेव्हा लग्न मुलाच्या दारात लागायचं, नवरी तिकडे न्यायची. आंदण म्हणजे भांडी, गाय, फार तर पलंग. ट्रक आंदण दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. काकाने हातातलं पान खाली ठेवलं, पंचांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आयकलं सगल्यांनी?" सगळ्यांनी ऐकलं होतं. आईने कपाळाला हात लावला. बैल गेले, आणि आता बैलांच्या बदल्यात आलेलं लोखंडही जाणार. घरात उरलो मी, बी.ए.

पण त्या शर्तीने एक चमत्कार केला. बाबांनी उस्तादांना घरीच ठेवून घेतलं, आईने बर्म्याची नदी ऐकून घेण्याची तयारी दाखवली, पनवेलच्या बाजारातून मागच्या चाकांचे टायर आले, करवंटीतले उरलेले नट एकेक करून कुठे कुठे बसले, आणि लग्नाच्या आधीच्या आठवड्यात उस्तादांनी हँडल मारलं तेव्हा ट्रक खोकला, थुंकला आणि चालू झाला. कोंबड्या कौलांवर गेल्या.  बाबांनी बॉनेटवरचे बोंबील उचलून आईच्या हातात दिले. 

लग्न वैशाखाच्या पुनवेचं. आमच्याकडे लग्नं पुनवेच्या आसपास धरत, म्हणजे पाहुण्यांना चांदण्यात घरी परतता येतं. मुहूर्त गोरजाचा, सूर्य बुडताना. बाकीचं वऱ्हाड नेहमीसारखं पहाटेच बैलगाड्या जुंपून निघून गेलं. आम्ही मात्र आरामात. ट्रक आहे म्हटल्यावर घाई कसली? ऊन चांगलं वर आल्यावर ट्रकला हार घातला, नारळ फोडला. हौद्यात गवत पसरून त्यावर सतरंजी घातली. बहीण, आई, करवल्या आणि धवलारीण आत चढल्या. आमच्यात लग्न लावते ती धवलारीण. म्हातारी, तोंडपाठ गाणी म्हणत विधी करते, आणि तिच्या शब्दापुढे भटजीचंही चालत नाही. मामाही आत बसला, कारण मांडवात नवरीला उचलून न्यायचा मान त्याचा. पुढे उस्ताद आणि बाबा. मला दाराच्या पायरीवर उभं केलं, हातात हँडल देऊन. बी.ए.ची ती पहिली नेमणूक.

निघताना आई हौद्यातून म्हणाली, "आवं, आज पुनव हाय."

"मंग?"

"मंग काय? वाटंत खाडी हाय."

"पुनव बैलगाडीला," बाबा म्हणाले. "ट्रकाला कसली भरती नि कसली ओहटी?"

आता हे कोण म्हणत होतं? ज्याच्या बापाने, आज्याने, पणज्याने भरतीचं पाणी आगरात कधी घ्यायचं आणि बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, कधी बंद करायची याच्यावर पोट भरलं, तो माणूस. झोपेतून उठवून तिथी सांगितली तर पाणी कुठवर असेल ते बोट दाखवून सांगणारा. आणि हसलं कुणीच नाही. धवलारणीचा जन्म खाडीवर गेलेला, मामाचा खाडीत गेलेला, पण ट्रकमध्ये चढताक्षणी सगळ्यांनी समुद्राशी संबंध तोडला होता. पहाटे गेलेल्या गाड्या पहाटेच का गेल्या, हेही कुणाच्या मनात आलं नाही. पुनवेला भर दुपारी उधाण येतं. आम्ही भर दुपारी खाडीवर पोचलो.

मुलाच्या गावाला जायचा रस्ता तेव्हा मिठागरांच्या मधून एका बुटक्या दगडी बांधावरून जायचा. ओहोटीला कोरडा, उधाणाला पाण्याखाली. आम्ही आलो तेव्हा बांधावर नुकतं पाणी चढत होतं, घोट्याएवढं. पलीकडे मुलाचं गाव दिसत होतं. मांडवाचे झेंडे दिसत होते. वाजंत्री ऐकू येत होती.

उस्तादांनी पाणी पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. इतकी वर्षं वाट बघत होते ती नदी अखेर समोर आली होती.

"बर्म्यात तर—"

"चला," बाबा म्हणाले.

बांधाच्या बरोबर मध्यावर पुढच्या पंख्याने पाणी उडवून इंजिनावर घेतलं. ट्रक दोन आचके देऊन गप्प झाला. मी हँडल मारलं. उस्तादांनी मारलं. बाबांनी मारलं. पाणी पोटऱ्यांवर आलं, मग गुडघ्यांवर. शेवटी उस्ताद केबिनच्या टपावर चढून बसले आणि पहिल्यांदाच बर्म्याविषयी काही बोलले नाहीत.

आई हौद्यातून फक्त एवढंच म्हणाली, "पुनव."

 

पाणी चढत चढत हौद्याच्या तळाला लागलं. मी फाळक्याला धरून वर आलो आणि आत पाहिलं. सतरंजी कोरडी. बायकांचे पाय कोरडे. चहूकडे खाडी, आणि मध्ये निळी पेटी, तिच्यात पानाचा डबा फिरतोय. मामा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि माझ्याकडे बघत होता.   त्याने सतरंजीचा कोपरा उचलून कोरड्या फळीवर तळहात फिरवला आणि विचारलं, "भोकं कुठं पाडायची म्हंत होतास?"

इतक्यात पलीकडून होडी आली. होडीत मुलाचा काका, पांढराशुभ्र फेटा, आणि चेहऱ्यावर असा आनंद जो माणसाला घरच्या लग्नातसुद्धा होत नाही.

"व्याही! हत्ती पोवतोय जनू!" तो लांबूनच ओरडला. "चला, नवरीला उतरवा होडीत. मुहूर्त हाय."

"उतरवायची नाय," बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून म्हणाले.

"मंग काय तिला हितंच नांदवायची?"

"उतरवतो. पर होडीत बसली तर शर्त मोडत नाय. होडी म्हंजे काय जमीन हाय?"

"गाडीभायेर पाय पडला म्हंजे पडला!"

दोघांचा आवाज चढला. मग बाबा माझ्याकडे वळले. "बीए, तू सांग. शिकलेला हायस. होडीत पाय ठिवला तर शर्त मोडली का?"

आता मुलाने काय बोलावं हे कुणीही सांगेल. पण मी खरं बोलायला शिकलो होतो, निदान त्या वयात तशी समजूत होती. मी म्हणालो, "शब्द होता, पाय गाडीबाहेर पडला तर. होडी गाडीबाहेर आहे. शर्त मोडली."

काकाने टाळी वाजवली.  "ह्याच्यासाठी बैल नाय विकले," बाबा म्हणाले, "ह्ये एक बरं."

होडी ट्रकला येऊन भिडली. काकाने हात पुढे केला. "ये पोरी. गाडी काय, आता आमच्याच घरात येनार."

बहीण तोवर मान खाली घालून, हळद लावून, शहाण्यासारखी बसली होती. तिने मान वर केली. आधी काकाकडे बघितलं, मग त्याच्या मागे बांधाच्या टोकाला. तिथे एक मैलाचा दगड पाण्यातून डोकं काढून होता. त्याच्यावर ओलाव्याची रेघ पाण्याच्या वर बोटभर सुटली होती.

"काका," ती म्हणाली, "पानी फिरलंय. बगा तुमीच. मी कुठं जात नाय. पानी जाईल."

तांडेल माणूस. त्याला बघावं लागलं. आणि बघितल्यावर खोटं बोलता येईना, कारण पाण्याविषयी खोटं बोललेला तांडेल परत मचव्यावर चढू शकत नाही. "फिरलंय," तो नाराजीने म्हणाला.

मग आम्ही बसलो. धवलारणीने वेळ फुकट जाऊ नये म्हणून तिथेच गायला सुरुवात केली. सगळी गाणी संपली, तिने पुन्हा पहिल्यापासून धरली. ऊन कललं, पाणी उतरत गेलं, बांधाचे दगड दिसायला लागले आणि ट्रक चिखल माखून उभा राहिला. उस्ताद खाली आले, त्यांनी हँडल मारलं. इंजिनातून पाण्याची एक चूळ बाहेर पडली, बस.

गोरज जवळ आला होता. काका हाताची घडी घालून उभा होता. "आता? आता तर पानीबी गेलं. चालत येऊ दे पोरीला."

तेव्हा धवलारीण हौद्यात उठून उभी राहिली. तिचा आवाज बसला होता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. "नवरी माज्यासमोर हाय आनि मांडव तुमच्या दारात. मुहूर्त टळला तर त्ये माज्या नावावर नाय लागायचं. तुमच्या उंबऱ्यावर लागंल."

पलीकडून नवरा स्वतः आला. डोक्याला मुंडावळ्या, पायात चिखल, खांद्यावर मचवा ओढायचे जाड दोर. त्याने ट्रकच्या पुढच्या बंपरला दोर बांधला आणि खांद्याला लावला. हे बघितल्यावर त्याचे मित्र आले, मग आमचं बैलगाड्यांतून आलेलं वऱ्हाड आलं, मग उरलेलं गाव. सगळ्यांनी दोर धरले. पण लग्नाला जमलेली माणसं. एक ओढतोय तेव्हा दुसरा पान थुंकतोय. ट्रक वीतभर पुढे, बोटभर मागे.

काका हे बघत होता. मी त्याच्याच बाजूला उभा होतो. त्याचा जबडा हलायला लागला. मचवा किनाऱ्याला ओढताना एकजण हाळी देतो आणि त्या हाळीवर सगळे एकदम जोर लावतात. त्या अख्ख्या किनाऱ्यावर त्याच्यासारखी हाळी देणारा दुसरा नव्हता. त्याने थोडा वेळ सोसलं. मग त्याच्याने सोसवेना.

"आरं, असं वढतात व्हय? लाज आना रं गावाला!"

आणि त्याने फेटा काढून माझ्या हातात दिला, पुढे होऊन दोर धरला आणि हाळी दिली. दोर ताणले, माणसं वाकली, ट्रक हलला. दुसऱ्या हाळीला चाकांनी चिखल सोडला. काका मान मागे टाकून, डोळे मिटून हाळ्या देत होता, आणि आपण काय करतोय हे त्याला मांडवाचा खांब डोक्याला लागेपर्यंत कळलं नाही.

मामाने फाळका खाली सोडला, बहिणीला उचललं आणि सरळ पाटावर उभी केली. सूर्य अर्धा बुडालेला. बाबा चिखलाने माखलेले, काकासमोर आले.

"पडला का पाय भायेर?"

काकाने घाम पुसायला फेटा शोधला. तो माझ्याकडे होता. "नाय," तो म्हणाला. मग चाकांकडे बोट करून, "पर चालला तरी कुठं तो?"

त्याचंही बरोबरच होतं.

ट्रक आंदण गेला नाही. तो फक्त त्यांच्या दारात राहिला, कारण तिथून तो हलेना. खारं पाणी इंजिनात सगळीकडे शिरलं होतं. पाऊस तोंडावर, म्हणून त्यांनी वर माडाच्या झापांचा आडोसा केला. पाऊस उतरायच्या आधीच बहिणीच्या सासूने बॉनेटवर बोंबील वाळत घातल्याचं कळलं. आईला फार समाधान वाटलं.

बाबा आठवड्याला एकदा उस्तादांना घेऊन दुरुस्तीला जाऊ लागले. आमच्याकडे बाप मुलीच्या घरचं खात नाही, तिला मूल होईपर्यंत पाणीसुद्धा घेत नाही. म्हणून मुलगी दिली की बाप सणावाराशिवाय तिकडे फारसा फिरकतच नाही. नुसतं उंबऱ्यावर उभं राहून करायचं काय? बाबांनी यातून वाट काढली. ते ट्रकच्या हौद्यात बसत. बहीण भात आणि माशाचं कालवण तिथे आणून द्यायची, समोर बसायची, आणि ते जेवायचे. कुणी बोललं तर म्हणायचे, "मी माज्या गाडीत बसून जेवतो. व्याह्याच्या घरात नाय." काकाने यावर हरकत घेतली नाही. शर्तींच्या भानगडीत पडायचं त्याने सोडलं होतं.

असं पावसाळाभर चाललं. दिवाळीच्या आधी एकदा मी बरोबर गेलो होतो. उस्तादांनी प्लग बसवले, सहज म्हणून हँडल मारलं, आणि ट्रक पहिल्याच झटक्याला चालू झाला. स्वच्छ, एकसारखा आवाज. आमच्या खळ्यात कधी झाला नव्हता इतका चांगला. कोंबड्या उडाल्या. बहीण ओटीवर तांदूळ निवडत होती, तिने सूप खाली ठेवलं.

बाबांनी केबिनमध्ये हात घातला आणि इंजिन बंद केलं.

"आवाज बरोबर नाय," ते म्हणाले.

उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग ओटीकडे पाहिलं, आणि कार्बोरेटर खोलायला घेतला. "हां," ते म्हणाले. "टाइम लागेल अजून."

आवाजात काहीही खोट नव्हती. मी स्वतः ऐकला होता. पण मला कुणी विचारलं नाही, आणि त्या वेळी तरी मी न विचारता काही सांगितलं नाही. बहीण आत गेली आणि ताट वाढून घेऊन आली.